दल्ली राजहराच्या शहीद हॉस्पिटलविषयी खुलासा

छत्तीसगडमधील दल्ली राजहरा येथील शहीद हॉस्पिटल हे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ उभारले गेले, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. नियोगींची हत्या भिलाई येथे 28 सप्टेंबर 1991 रोजी पहाटे झाली, तर हे रुग्णालय त्याआधी आठ वर्षे, 3 जून 1983 रोजी सुरू झाले होते.

ही तारीख योगायोगाने निवडलेली नव्हती. भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या इथल्या खाणींतील कंत्राटी मजुरांनी प्रस्थापित संघटनांना सोडून 1977 मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी 2 जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना पकडून नेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी कामगारांनी मागे राहिलेल्या पोलिसांना अडवून धरले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारांत 11 जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनसूयाबाई ही कामगार स्त्री होती. रुग्णालयाच्या नावातील ‘शहीद’ ते हेच.

याच मजकुरात रुग्णालयाला ‘सरकारी’ म्हटले आहे, तेही खरे नाही. ते संघटनेच्या पुढाकाराने, खाणकामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून उभे राहिले. नियोगी अर्थातच या कामाचे प्रेरक होते. चूक कदाचित त्यामुळेच झाली असावी.