गादीच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

मंडळी, "पाठदुखी असेल तर लेटेक्स गादी घेऊ नका, मऊ असते, मणका वाकतो, कडक गादी घ्या नाहीतर सरळ फरशीवर झोपा" हा मेसेज सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय आणि मागच्या आठवड्यात मी पण तो न वाचताच पुढं ढकलला, चूक माझीच.

लेटेक्स म्हणजे मूळात रबराच्या झाडाचा चीक, तो फेटून साच्यात घालून गादी करतात आणि ती मऊ, मध्यम, कडक सगळ्यात मिळते. आणि कडकचं म्हणाल तर २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला अभ्यास आलाय, जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक, काहींना कडक गादी, काहींना मध्यम-कडक, ९० दिवसांनी मध्यमवाल्यांना त्रास कमी. त्यात लेटेक्सच घ्या असं मात्र कुठं म्हटलेलं नाही हां.

परवा विश्रामबागला दुकानात चप्पल काढून पंधरा मिनिटं आडवाच झालो, दुकानातला पोरगा बघतच राहिला. कडक गादीवर कंबरेखालनं पंजा आरपार जात होता, मऊवर कंबर रुतली, मधलीवर पंजा जेमतेम सरकला, मला तीच बरी वाटली. लेबल पण वाचा, कधीकधी लेटेक्स म्हणून काथ्यावर नुसता पातळ थर असतो. रबराची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर गादी राहू दे, पहिलं दवाखाना.

तो जुना मेसेज आता पुढं पाठवू नका, माझ्याकडनं गेलेला असेल तर डिलीट करा.