विनोदाची शेवटची ओळ कुणी खाल्ली?

परवा पहाटे नागपूरहून आत्याचा मेसेज आला. जांभळा झगा घातलेले, तोंडभर हसणारे दक्षिण आफ्रिकेचे दिवंगत आर्चबिशप (म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू) डेस्मंड टुटू आणि खाली लाल अक्षरांत: “मिशनरी आले तेव्हा त्यांच्याकडे बायबल होतं, आमच्याकडे जमीन. ते म्हणाले, डोळे मिटा, प्रार्थना करू. डोळे उघडले तर बायबल आमच्या हातात आणि जमीन त्यांच्या!” इथवर ओळखीचं. त्याखाली मात्र कुणीतरी पदरची अक्कल जोडली होती: या माणसाला पोपने आर्चबिशप केलं, धर्मांतराच्या कामगिरीबद्दल नोबेल मिळालं, तो दहशतवाद्यांचा साथीदार होता आणि मरताना डोळे उघडले तेव्हा हे वाक्य लिहून त्याने धर्म सोडला. जागे व्हा, दहा जणांना पाठवा.

आत्याने दहा जणांना नाही, अख्ख्या बिल्डिंगच्या ग्रुपला पाठवलं. त्या ग्रुपवर तिच्या समोरच्या दारातल्या निवृत्त नर्सबाई आहेत. ख्रिस्ती. आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस रोज येऊन ड्रेसिंग करून गेल्या होत्या. त्यांनी उत्तरादाखल नुसते जोडलेले हात पाठवले. आणि आत्या मला विचारते, “अरे, हे खरं असतं का रे?” पाठवून झाल्यावर!

पोपचं आधी उरकतो. टुटू अँग्लिकन होते, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले. अँग्लिकनांनी पोपशी फारकत घेतली ती सोळाव्या शतकात. टुटूंना बायको होती, लिआ, आणि चार मुलं. पोपच्या आर्चबिशपला हे जमत नाही. बाकी कुणी हा घोळ घालो, नागपूरकरांनी घालू नये. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल मुळात अँग्लिकनांचं, आणि 1970 मध्ये अँग्लिकनांसह सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेही नागपुरातच.

मग ते वर चढले कसे? जन्म 1931 चा, क्लार्क्सडॉर्पचा. वडील शाळामास्तर, आई लोकांच्या घरी कामाला. डॉक्टर व्हायचं होतं, मेडिकलला प्रवेशही मिळाला, फीचे पैसे नव्हते. म्हणून मास्तर झाले. तेवढ्यात सरकारने काळ्यांच्या मुलांसाठी मुद्दाम कमी प्रतीच्या शिक्षणाचा कायदा आणला, तेव्हा नोकरी सोडली आणि चर्चची वाट धरली. इथे फॉरवर्डवाल्यांना एक अर्धा मार्क देतो: पाळक होण्यामागे काही फार उदात्त ध्येय नव्हतं, चर्च मला घेईल असं वाटलं म्हणून गेलो, असं टुटू स्वतःच सांगायचे. 1961 मध्ये दीक्षा, मग लंडनमध्ये शिक्षण, 1975 मध्ये जोहान्सबर्गच्या कॅथेड्रलचे पहिले काळे डीन म्हणजे प्रमुख पाळक, 1976 मध्ये लेसोथोचे बिशप, 1978 पासून दक्षिण आफ्रिकेच्या चर्च परिषदेचे सरचिटणीस. 1984 मध्ये जोहान्सबर्गच्या बिशपपदाची निवड झाली तेव्हा मतदारसभेत कोंडी झाली, शेवटी निर्णय बिशपांच्या मंडळाकडे गेला आणि त्यांनी टुटूंना निवडलं. 1986 मध्ये केपटाउनचे आर्चबिशप, तेही निवडून. वरून कुणी टोपी घातली नाही.

नोबेल 1984 चं, म्हणजे आर्चबिशप होण्याच्या दोन वर्षं आधीचं. ते दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने कायद्याने लादलेल्या वर्णभेदाविरुद्धच्या अहिंसक लढ्यासाठी मिळालं. यावर वाद घालण्यापेक्षा 11 डिसेंबर 1984 ला ऑस्लोत त्यांनी दिलेलं व्याख्यान वाचावं. नोबेलच्या संकेतस्थळावर फुकट आहे, अर्ध्या तासात होतं. धर्मांतर शोधून दाखवा. केपटाउनजवळच्या वस्तीत लोकांची प्लास्टिकची खोपटी रोज पाडली जात होती, ते आहे. काळी माणसं उचलून त्यांच्यासाठी राखलेल्या ओसाड ‘होमलँड’मध्ये फेकण्याबद्दल आहे. एक झणझणीत विनोदही आहे. झांबियाचा माणूस आपल्या नौदलमंत्र्याची बढाई मारतो. दक्षिण आफ्रिकेचा म्हणतो, “तुमच्याकडे समुद्रच नाही, मंत्री कसला?” तो म्हणतो, “तुमच्याकडे नाही का न्यायमंत्री!”

आता दहशतवाद्यांचा साथीदार. हे वाचून माझं डोकं खरंच सणकलं. त्याच व्याख्यानात दोन मृत्यू शेजारी शेजारी आहेत. एका काळ्या आजीचा सहा वर्षांचा नातू, अंगणात खेळताना गोळी लागून मेलेला. आणि एका गोऱ्या आईचं काही महिन्यांचं बाळ, काळ्यांच्या जमावाने तिच्या गाडीवर दगडफेक केली त्यात गेलेलं. दोन्ही मृत्यू नको होते, असं हा माणूस जगासमोर म्हणतो. पुढच्याच वर्षी, जुलै 1985 मध्ये, डुडुझा या काळ्यांच्या वस्तीत एका अंत्यविधीला जमलेल्या लोकांनी एकाला पोलिसांचा खबऱ्या ठरवून जाळायला धरलं. टुटू आणि दुसरे एक बिशप त्या गर्दीत घुसले आणि त्याला बाहेर काढलं. आपल्याच लोकांच्या रागासमोर उभं राहायला काय लागतं, हे दहा जणांना पाठवणाऱ्याला कसं कळावं? काही दिवसांनी त्याच गावात जमावाने एका तरुणीला जाळून मारलं, तेव्हा ते म्हणाले, असंच चाललं तर मी बायकापोरांसह देश सोडतो.

हो, त्यांनी दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक निर्बंध घाला असं जगाला सांगितलं. तरुण बंदूक का उचलतात ते मला कळतं, असंही म्हणाले. पण ‘साथीदार’? वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाचे ते अध्यक्ष होते. आयोगाने वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्याही अत्याचारांवर बोट ठेवलं, म्हणून तो पक्ष 1998 मध्ये अहवाल अडवायला कोर्टात गेला. टुटू हटले नाहीत. आणि 2005 सालचा गांधी शांतता पुरस्कार आपल्याच सरकारने त्यांना दिला आहे. तेव्हा सगळे झोपले होते का?

राहिला तो विनोद. टुटू तो खरंच सांगायचे, आणि तो त्यांचाच होता असंही नाही; केनियाच्या जोमो केन्याटांच्या नावावरही तो फिरतो. मरताना वगैरे लिहिलेला नाही, उभ्या हयातीत हसतखिदळत सांगितलेला. आणि त्याला एक शेपूट होतं, ते फॉरवर्डमधून गायब आहे: या सौद्यात बहुतेक आमचाच फायदा झाला.

जमिनीचं म्हणाल तर ते खोटं नाही. मिशनरी साम्राज्याच्या पाठोपाठ आले आणि बऱ्याचदा त्याच्याच सावलीत राहिले. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने तर वर्णभेदाला बायबलमधून आधार काढून दिला. पण जमीन डोळे मिटल्यामुळे नाही गेली. आधी लढायांत गेली, मग 1913 च्या कायद्याने काळ्यांना देशातली सुमारे 7 टक्के जमीन राखून ठेवली, 1936 मध्ये ती 13 टक्क्यांच्या आसपास नेली. बाकीच्या जमिनीवर ते आपल्याच देशात परके. इतके, की टुटूंच्या प्रवासाच्या कागदावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘सध्या निश्चित करता येत नाही’ असं लिहिलेलं होतं. डीन झाले तेव्हा गोऱ्यांच्या भागातलं घर सोडून ते सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत राहिले. आर्चबिशप झाल्यावर केपटाउनचा अधिकृत बंगला पडला गोऱ्यांच्या वस्तीत. काळ्या माणसाने तिथे राहायला परवाना लागायचा. त्यांनी तो मागितलाच नाही. सरळ राहायला गेले. वर्णभेद म्हणजे पाखंड, हे ते बायबल हातात धरूनच सांगत होते. ‘आमचाच फायदा झाला’ याचा अर्थ इथे कळतो.

धर्म सोडल्याचं शेवटी एका वाक्यात: 26 डिसेंबर 2021 ला, नव्वदाव्या वर्षी ते गेले, त्यांच्या सांगण्यावरून साध्या पाइनच्या लाकडाच्या पेटीत, दोरीच्या कड्या लावून, अंत्यविधी झाला आणि अस्थी ठेवल्या केपटाउनच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये, जिथे ते आर्चबिशप होते.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग डिलीट करते.” म्हटलं, आता सगळ्यांकडून नाही होणार, वेळ गेली. त्यापेक्षा ती शेवटची ओळ टाक त्याच ग्रुपवर, आणि समोरच्या दारात स्वतः जाऊन ये.