पोळपाटापायी

आईच्या पोळपाटाला चीर गेली तेव्हा तुळशीबागेत जाऊन नवा आणणं हा एक उपाय होता. पण नेमका त्याच आठवड्यात मी रात्र रात्र जागून घरगुती सीएनसी राउटरचे व्हिडिओ बघत होतो. संगणकावर आकृती काढायची, बटण दाबायचं, मशीन लाकूड कोरून देतं. मी म्हटलं, "आई, थांब. मी करतो."

आई थांबली. दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबली. तेवढे महिने ती उलट्या ताटावर पोळ्या लाटत होती, आणि दर पोळीला ताट ओट्यावर टणकन वाजवून मला ऐकवत होती.

सामानासाठी पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तपकीर गल्ली गाठली. आर्डुइनो, म्हणजे मशीनचा मेंदू असलेला छोटा सर्किट बोर्ड, त्यावर बसणारी जोडपाटी म्हणजे शिल्ड, पावलापावलाने फिरणाऱ्या तीन स्टेपर मोटर. "मोटर चालवायचे ड्रायव्हर किती देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"तीन."

"पाच न्या."

"मोटर तीनच आहेत."

"बरं." त्याने तीन दिले. त्याच्या त्या "बरं"मध्ये जे होतं ते मला पुढच्या शनिवारी कळलं. चालू मशीनमधून मोटरची वायर उपटायची नसते, हे ज्ञान मला वायर उपटल्यावर झालं. चट्ट आवाज, जळका वास, ड्रायव्हर गेला. परत गेलो तर मी तोंड उघडायच्या आत त्याने काउंटरवर दोन ड्रायव्हर काढून ठेवले.

मोटरला चार वायरी असतात, दोन-दोनच्या जोड्या. मी रंगांवर विश्वास ठेवून जोडल्या, तर मोटर फिरायचं सोडून अंगात आल्यासारखी जागच्या जागी घुमायला लागली. मग युक्ती सापडली. मोटर सुटी करायची, कुठल्याही दोन वायरींची उघडी टोकं एकमेकांना टेकवायची आणि दांडा चिमटीत धरून फिरवायचा. दांडा जड लागला तर ती जोडी. विजेचं नाव नाही, मीटर नाही, बोटांना कळतं! त्या रात्री मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दांडा फिरवायला लावला. मुलीने दोनदा फिरवला. बायकोने "हो, जड झाला" असं न फिरवताच सांगितलं.

मग पहिला पोळपाट, एमडीएफच्या म्हणजे दाबून केलेल्या लाकडी फळीच्या तुकड्यावर. व्यास २४० मिलिमीटर. मशीन तासभर इमानाने घुरघुरलं आणि बाहेर आलं ते अंडं. मोजलं, तर २४० बाय १५०. मुलीने त्यावर लगेच स्केचपेनने डोळे काढले.

कारण अगदी हिशेबी होतं, म्हणून जास्त लागलं. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावलं, मी प्रत्येकाचे १६ भाग केलेले, म्हणजे ३२००. एका फेऱ्यात मोटरला जोडलेला लांब स्क्रू मशीनला ८ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे मिलिमीटरला ४००. मशीन चालवणाऱ्या जीआरबीएल या सॉफ्टवेअरमध्ये मुळात २५० भरलेले असतात. मी एक्सला, म्हणजे एका दिशेला ४०० लिहिले, कौतुकाने चहा घेतला, आणि वाय, म्हणजे दुसरी दिशा, तशीच राहिली. मशीनला १५० म्हणजेच २४० वाटत होतं. त्याची काय चूक? आईने अंडं उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, "करंज्यांना बरं आहे."

पुढचा त्रास कुरबुरीचा. लाकूड कापायला सुतारांचा ट्रिमर लावला होता. तो सुरू केला की लॅपटॉपचा मशीनशी संबंध तुटायचा, आणि मशीन कडेला पोहोचलं की थांबवणाऱ्या लिमिट स्विचला कोणी हात न लावता अलार्म यायचा. ट्रिमरच्या विजेची कुरबूर वायरींमध्ये शिरते. वायरी लांबून नेल्या, स्विचना शिल्डेड केबल घातली, अर्थिंग सुधारलं. ती कुरबूर थांबली. खालच्या मजल्यावरच्या काकांची मात्र कुठल्याच केबलने थांबली नाही.

आता वर्तुळ गोल येत होतं, पण दर थराला केसभर डावीकडे सरकत होतं. कड सरळ उतरायच्या ऐवजी जिन्यासारखी. तीन रात्री मी सॉफ्टवेअरशी झुंजलो. वेग कमी केला. ड्रायव्हरवरचा तो मोहरीएवढा स्क्रू पिळून करंट वाढवला, मग घाबरून कमी केला. आर्डुइनोतला प्रोग्रॅम पुसून नव्याने भरला.

चौथ्या दिवशी आई बाल्कनीत मेथी निवडायला बसली होती. मशीन चालू होतं. ती बराच वेळ एकाच जागी बघत होती.

"अरे, ही मोटर फिरते, पण हा पुढचा दांडा मधेच अडतोय."

"आई, ते स्टेप लॉस असतं, मोटरची पावलं चुकतात. त्याचं—"

"आपल्या मिक्सरचं असंच झालं होतं. खालचं गरगरायचं, वरची चटणी जागची हलायची नाही. कपलर गेला होता."

मी मशीन बंद करून वाकलो. मोटर आणि स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगचा बारका स्क्रू चक्क बोटाने फिरत होता. दोन मिलिमीटरची ॲलन की, अर्धा पिळ. तीन रात्री!

अक्षय्य तृतीयेला सागवानी पोळपाट तयार झाला, २४० बाय २४०. तिन्ही पाय सुताराने लावून दिले. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. आईने पहिली पोळी लाटली, पोळपाट गर्रकन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "चांगला झालाय. आता याच्या जोडीचं लाटणं?"

लाटण्याला लाकूड गोल फिरवावं लागतं. म्हणजे चौथी मोटर. शिल्डवर चौथ्या ड्रायव्हरची जागा रिकामीच आहे, आणि त्या दोनांतला एक ड्रायव्हर अजून पिशवीत होता. माझी नजर कुठे गेली ते बायकोने बरोबर हेरलं, आणि पिशवी उचलून आतल्या कपाटात टाकून किल्ली कमरेला खोचली.