पोक काढून बसल्याने मणका झिजतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: कंबरदुखीचं मूळ चुकीच्या बसण्यात आहे. पोक काढून बसलं की मणक्यांमधली गादी दबते आणि झिजते, म्हणून कायम नव्वद अंशांत ताठ बसा. शिवाय, बसणं हे धूम्रपानाइतकंच घातक. हे वाचून धडधाकट माणसं कंबरेला पट्टे बांधू लागतात, म्हणून एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी गादीवरच्या दाबाचं पाहू, कारण त्यामागे खरं संशोधन आहे. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या कंबरेतल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला. 'ताठ बसा'चा आग्रह पुढे बराचसा याच आकड्यांवर पोसला गेला. मग १९९९मध्ये जर्मनीत संशोधक विल्के यांच्या गटाने एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवला. सैल उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल (हे दाबाचं एकक), प्रयत्नपूर्वक ताठ बसल्यावर ०.५५, आणि खुर्चीत पाठ टेकून, घसरून बसल्यावर फक्त ०.२७! पुढे पूर्ण वाकल्यावर दाब वाढला, हेही खरं. माणूस एकच होता, त्यामुळे 'घसरूनच बसा' असा उलटा नियम यातून काढू नये. पण 'सैल बसलं की गादी चिरडते' हे काही टिकत नाही.

आणि दाब म्हणजे इजा नव्हे. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. पोषक द्रव्यं आजूबाजूच्या हाडांतून झिरपत येतात, आणि दाब वाढला-कमी झाला की गादीतलं पाणी आत-बाहेर होतं. ताठ असो की वाकडं, तासन्‌तास एकाच स्थितीत आखडून राहणं म्हणूनच गैरसोयीचं.

झीज? फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात गादीच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आढळला, कामाच्या पद्धतीचा त्यामानाने किरकोळ. २०१५च्या एका आढाव्यात तर कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन पाहिले गेले: विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांच्या गादीत झीज होती. रिपोर्टमध्ये 'गॅप' दिसला म्हणून घाबरणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा कुणीतरी सांगायला हवा.

'योग्य बसणं' नेमकं कोणतं, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. युरोपातल्या चार देशांतल्या फिजिओथेरपिस्टना बसण्याच्या नऊ पद्धतींतून सर्वोत्तम निवडायला सांगितलं, तेव्हा बहुतेकांची मतं एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या अशा दोन पद्धतींत विभागली गेली.

बसल्यावर कंबर दुखते, हा अनुभव खोटा नाही. पण आधीच दुखणाऱ्या कंबरेला बसणं सोसत नाही आणि बसण्यामुळे दुखणं जडलं, या दोन गोष्टी वेगळ्या. कामाच्या ठिकाणी बसण्याबद्दलच्या अभ्यासांचे आढावे घेतले गेले, तेव्हा नुसत्या बसण्याने कंबरदुखी होते असं सिद्ध झालं नाही.

धूम्रपानाशी तुलना तर सोडूनच द्यावी. फार बसून राहण्याचा हृदयविकाराशी आणि मधुमेहाशी संबंध आहे, पण तंबाखूचा धोका कितीतरी मोठा. दहा लाखांहून अधिक लोकांच्या २०१६च्या विश्लेषणात रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये, जास्त बसूनही, अकाली मृत्यूचा वाढीव धोका दिसला नाही.

बसण्याच्या धाकापायी खरी धोक्याची लक्षणं मात्र सुटू देऊ नका: लघवी अडणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं. यात त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप, रात्री वाढणारं दुखणं आणि घटतं वजन असेल, तर आपल्याकडे मणक्याचा क्षयही असू शकतो. त्याची तपासणी लांबवू नका.