आदल्या दिवशीची उजळणी

सराव परीक्षेचं मुख्य दुखणं असं की ती खरी नसते. दोन दिवस आधीपर्यंत आमचे चिरंजीव म्हणतात, "अगं आई, ही काय खरी परीक्षा आहे?" आणि आदल्या दिवशी म्हणतात, "आता वाचून काय होणार?" या दोन वाक्यांच्या मध्ये अभ्यासाचा म्हणून जो दिवस असायला हवा, तो मला अजून कुठल्या कॅलेंडरात सापडलेला नाही.

तरी उजळणी होतेच. तिची सुरुवात वेळापत्रकाने होते. त्याला पट्टी लागते, चार रंगांची पेनं लागतात आणि अख्खी संध्याकाळ लागते. हे वेळापत्रक नेहमी पहाटे पाचला सुरू होतं. घरात पहाटे पाचला फक्त मी उठते, तीही त्याला उठवायला. तो सव्वासहाला उठतो. आता वेळापत्रकाप्रमाणे पाच ते सहा इतिहास होता, तो तर गेला. मग सरळ पुढचा विषय घ्यावा की नाही? नाही. वेळापत्रक बिघडलं, म्हणजे ते नव्याने आखायला हवं. शिवाय अभ्यास कधीही सहा वाजून सतरा मिनिटांनी सुरू करता येत नाही, हा या वयाचा अलिखित नियम आहे. साडेसहाला बसतो म्हणायचं, सहा पस्तीसला घड्याळ बघायचं आणि सातची वाट बघायची.

प्रत्यक्ष वाचन सुरू झालं की हायलायटर बाहेर येतो. पहिल्या पानावर फक्त व्याख्या रंगतात. दुसऱ्या पानापासून कुणावर अन्याय नको म्हणून सगळंच पिवळं व्हायला लागतं. धडा संपेस्तोवर एखादीच ओळ पांढरी उरते आणि पुस्तक उघडलं की नजर नेमकी तिच्यावरच जाते. मी एकदा त्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं, की डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात ओळी रंगवणं आणि तेच तेच पुन्हा वाचणं या पद्धती फार उपयोगाच्या नाहीत असं निघालं. स्वतःला प्रश्न विचारणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने वाटून घेणं या दोन पद्धती वरच्या क्रमांकाच्या ठरल्या. हे मी त्याला छापूनही दिलं. त्याने ते नीट वाचलं आणि महत्त्वाचा भाग हायलाईट केला.

शास्त्राचा आधार घ्यायची माझी खोड तिथेच मोडायला हवी होती. पण मला हर्मन एबिंगहाउस फार आवडतो. या जर्मन गृहस्थाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ केली, ती स्वतःच विसरला आणि विसरण्याचा हिशोब 1885 मध्ये छापला. पाठ केल्यावर वीस मिनिटांतच जवळजवळ चाळीस टक्के कष्ट वाया, तासाभरात निम्म्याहून जास्त आणि दुसऱ्या दिवशी सुमारे दोन तृतीयांश. म्हणून मधूनमधून पुन्हा बघायला हवं, हे मी सांगणार तोच चिरंजीव म्हणाले, "म्हणजे आज वाचलेलं उद्या उरणारच नाही. मग उद्या पेपरच्या वीस मिनिटं आधी वाचतो ना!"

हा मुलगा वकील होणार, असं त्याचे बाबा कौतुकाने म्हणतात. त्यांना घरात रोज बाजू मांडावी लागत नाही.

पोमोडोरोही आम्ही करून पाहिला. फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून काढलेली ही पद्धत: पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती. आमच्याकडे ती आकड्यांची अदलाबदल करून चालते.

खरा कस लागतो पुस्तक मिटल्यावर. आदल्या संध्याकाळी मी विज्ञानाचं पुस्तक हातात घेतलं. "विद्युतवाहक तारेचा रोध कशाकशावर अवलंबून असतो?"

"हे झालंय माझं," तो म्हणाला.

"सांग मग."

त्याने छताकडे पाहिलं. "ते उजवीकडच्या पानावर आहे. वर बॅटरीची आकृती आहे. आकृतीच्या खाली चौकट आहे, तिच्यात चार मुद्दे आहेत."

"कुठले चार?"

"पहिला दोन ओळींचा आहे. आणि तिसऱ्यावर माझ्या पेनाचा डाग पडलाय."

म्हणजे लांबी, जाडी, पदार्थ आणि तापमान एवढे चार शब्द सोडले, तर त्या पानाबद्दलची सगळी माहिती मुलाला होती. तो खोटं बोलत नव्हता. पान समोर असताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ओळख पटली की आपल्याला ते येतं असं वाटतं. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा आठवतो पण नाव आठवत नाही, तसलाच प्रकार. फक्त इथे नावालाच गुण असतात.

एवढ्यात नवरा मदतीला आला. त्याला एक प्रश्न विचारायला सांगितला, तर तो आधी वीज म्हणजे काय इथपासून समजावायला बसतो. इलेक्ट्रॉन तारेतून कसे धडपडत जातात हे त्याने हातवारे करून दाखवलं. मुलाने माना डोलावल्या. बापलेकांचा वेळ फार छान गेला. रोध पुन्हा मीच विचारला. या खेपेला तीन मुद्दे आले, डागाखालचा राहिला.

मी परत शास्त्राकडे वळले. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांचे गट केले होते. काहींनी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून तो आठवून लिहायचा सराव केला. आठवड्याने आठवून लिहिणारे बरेच पुढे होते. वाचणाऱ्यांना मात्र आपल्याला चांगलं लक्षात राहणार याची जास्त खात्री होती! मला वाटलं, आता निरुत्तर होईल.

"आठवड्याने ठीक आहे. पण लगेच परीक्षा घेतली तर?"

लगेच घेतलेल्या परीक्षेत वाचणारेच थोडे पुढे होते, हे मला सांगावं लागलं.

"माझा पेपर उद्या आहे की आठवड्याने?"

खरी परीक्षा पुढे आहे आणि ती उद्या नाही, हे उत्तर मला रात्री अकराला सुचलं. तोवर मैत्रमंडळाच्या ग्रुपवर वेगळंच पेटलं होतं. कुणीतरी विचारलं, "सातवा धडा आहे का?" सातवा धडा सगळ्यांनी मिळून ऑप्शनला टाकला होता. आता कुणी म्हणे सरांनी वर्गात त्यावर दोनदा बोट ठेवलं, कुणी म्हणे तो गेल्या वेळी येऊन गेला. तासभर या चर्चेत गेला. तेवढ्या वेळात सातवा धडा दोनदा वाचून झाला असता.

या सगळ्या गदारोळातून मला पटलेली एकच गोष्ट सांगते. कोरा कागद घ्यायचा, धड्याचं नाव लिहायचं, पुस्तक न बघता आठवेल ते सगळं उतरवायचं. मग पुस्तक उघडून फक्त जे राहिलं तेवढंच वाचायचं. कंटाळवाणं आहे, अपमानास्पद आहे, म्हणूनच कुणी करत नाही. आमच्याकडेही ते दोन धड्यांपुरतंच झालं. त्या दोन धड्यांवरचे प्रश्न त्याने घड्याळ लावून लिहिले आणि वेळ पुरला नाही. आकृतीला छायेच्या रेघा मारण्यात सगळी मिनिटं गेली होती. हे आदल्या रात्री कळलं हे बरंच झालं म्हणायचं.

शेवटचं हत्यार म्हणून मी जेन्किन्स आणि डॅलनबाख यांचं नाव घेतलं. पाठ करून झोपलेला माणूस जागत बसलेल्या माणसापेक्षा कमी विसरतो, असं त्यांना 1924 मध्ये दिसलं होतं. एवढ्या वर्षांत आईने सांगितलेलं हे पहिलं संशोधन असेल, ज्यावर चिरंजीवांनी एकही शंका काढली नाही. मी वाक्य पुरं करायच्या आत दिवा बंद झाला होता.

पेपर झाला. रोध आला नाही, सातवा धडा आला. तपासलेली उत्तरपत्रिका घरी आली तेव्हा मी चष्मा लावून तयारच होते, कारण सराव परीक्षेचा सगळा उपयोग त्या लाल शेऱ्यांत असतो: कुठे एकक लिहिलं नाही, कुठे कारण विचारलं असताना व्याख्या लिहिली. चिरंजीवांनीही ती पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळ न सोडता तपासली. आयुष्यात त्याने इतक्या बारकाईने काही वाचल्याचं मला आठवत नाही. शेऱ्यांवरून त्याची नजर अलगद पुढे सरकत होती. तो बेरीज करत होता. बेरजेत अर्धा गुण कमी लागला होता. दुसऱ्या दिवशी त्याने सरांपुढे जी बाजू मांडली, तिच्यात म्हणे एकही मुद्दा सुटला नाही.