चरबी म्हणजे थिजलेलं तूप नव्हे

आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या, चरबी वितळून घामावाटे निघून जाईल. चरबीच्या पेशी कायमच्या नष्ट होतील. चरबी होते ती तेला-तुपानेच, ते सोडा. आणि शेवटी, बारीक माणसांना काही काळजी नाही. पाठवणारी माणसं आपलीच, हेतूही चांगला. पण त्यातलं शेवटचं वाक्य घातक आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ‘वितळणं’. थंडीत तुपाची बरणी गरम पाण्यात ठेवली की तूप पातळ होतं, तेच चित्र डोळ्यांसमोर येतं. पण चरबीच्या पेशीतला मेदाचा थेंब 37 अंशांच्या शरीरात मुळातच पातळ असतो. तो वितळवायचा नसतो, मोडायचा असतो: ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे साठवलेल्या मेदाच्या, एका रेणूतून तीन मेदाम्लं आणि एक ग्लिसरॉल सुटं होतं. हे काम एन्झाइम्सचं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचं. उपाशीपोटी किंवा भरभर चालताना ॲड्रेनलिन त्यांना जागं करतं, जेवलो की इन्सुलिन त्यांना थोपवतं. लिंबाचा इथे काही संबंध येत नाही. मधातली साखर तर इन्सुलिन वाढवते.

सुटलेली मेदाम्लं स्नायूंत जळतात, आणि 10 किलो चरबी पूर्ण जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2014 साली हा हिशेब छापून आला होता. अंग घामाने निथळलं म्हणजे चरबी गेली असं नाही.

पेशी नष्ट होतात का? स्वीडनमधल्या संशोधकांनी यासाठी फार सुंदर युक्ती केली. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला कार्बन-14, म्हणजे किरणोत्सर्गी कार्बन, पेशींच्या डीएनएमध्ये किती उतरला आहे, यावरून त्यांनी चरबीच्या पेशींचं वय काढलं. 2008 साली त्यांनी दाखवलं की मोठ्या माणसात दरवर्षी साधारण 10 टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. वजन घटवायची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्येही पेशींची संख्या तेवढीच राहिली, फक्त त्या आकाराने लहान झाल्या.

आणि पेशी नष्ट झालेल्या आपल्याला परवडणारही नाहीत. कच्च्या पेशीची पक्की चरबीपेशी घडते ती पीपार-गॅमा नावाच्या प्रथिनामुळे. ते जनुकांवर बसतं आणि मेद साठवायची सगळी यंत्रणा चालू करतं. मधुमेहावरची पायोग्लिटाझोन ही गोळी याच प्रथिनाला चालना देते. तिने वजन थोडं वाढतं, पण रक्तातली साखर उतरते, कारण यकृतात साचलेला मेद त्वचेखाली, आपल्या जागी जातो. ज्यांच्या अंगात जन्मतःच चरबीच्या पेशी जवळजवळ नसतात, त्यांना तीव्र मधुमेह होतो आणि यकृत मेदाने भरतं. कोठी भरली की धान्य ओसरीवर येतं, तसंच हे.

तेला-तुपाचं थोडक्यात: त्यात उष्मांक भरपूर, हे खरं. पण जास्तीच्या साखरेपासूनही यकृत मेद बनवतंच. तूप सोडून सरबत पिणाऱ्याची सुटका नाही.

आता ‘बारीक माणसांना काळजी नाही’. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळंही सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. पण त्यांच्यात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून, हेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची: कंबर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर गेली, की बारीक हातापायांवर विसंबू नये.

माझे काका असेच सडपातळ. साखर तपासा म्हटलं की मनगट पुढे करायचे, “माझ्या अंगावर चरबी आहे कुठे?” पायाची जखम भरेना तेव्हा तपासणी झाली. चरबी यकृतात होती, सोनोग्राफीत दिसली.