‘शास्त्रज्ञांनी कोरगूट मारला’ या संदेशाला एका पेडणेकराचं उत्तर

गेले दोन आठवडे एक संदेश गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. मला तो तिघांकडून आला. त्यातला एक माझा मावसभाऊ, स्वतः शेती करणारा. त्याने पाठवला नसता तर मी लिहायला बसलो नसतो. संदेशाचा मथितार्थ असा: पूर्वजांनी एकाही कृषितज्ज्ञाशिवाय खाजनं (खाडीकाठची, बांध घालून राखलेली भातशेतं) उभी केली आणि भरपूर पिकवलं, मग विद्यापीठात शिकलेली माणसं आली, त्यांनी कोरगूट मारला, युरियाचं विष घालून जमीन मारली, कंपन्यांची औषधं खपवली आणि शेतं पडीक पाडली. म्हणून माती तपासणीच्या भानगडीत पडू नका, आजोबा करत तसं करा.

आधी कोरगूट घेतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

कोरगूट हे खाऱ्या खाजनातलं भात. खारं पाणी सोसतं, पाण्यात उभं राहतं, पण उंच वाढतं आणि खत जास्त झालं की आडवं पडतं. १९६८ मध्ये जया हे नवं वाण आलं, १९७४ मध्ये केरळच्या पट्टांबी भात संशोधन केंद्राचं ज्योती. दोन्ही बुटकी, दिलेलं खत दाण्यात घालणारी. ज्योतीचा दाणा लाल, त्यामुळे आमच्या उकड्या तांदळाला ते चालून गेलं. जिथे बांध मजबूत आणि पाणी गोडं, तिथे शेतकऱ्यांनी कोरगूट आपणहून सोडला, कारण खळ्यावर रास मोठी दिसली. जिथे खार होता तिथे जया टिकलं नाही आणि कोरगूट राहिला. त्या वेळच्या प्रचारात नवं बी आणि खत यांचाच गजर होता, गावच्या बियाण्याची कुणी फारशी कदर केली नाही, आणि कितीतरी जाती गावांतून गेल्या. हा आरोप मी मान्य करतो.

पण संदेश इथे थांबतो आणि पुढची गोष्ट सांगत नाही. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाजनासाठी ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ ही वाणं दिली. त्यांची मूळ नावं केएस-१२ आणि केएस-१७. केएस म्हणजे कोरगूट सिलेक्शन. कोरगुटातूनच चांगल्या ओंब्यांची निवड करत, पिढ्यान्‌पिढ्या पारखून ती काढली आहेत. कोरगूट मारायचा होता तर त्याच्यातून वाण काढायची मेहनत कशाला घेतली असती?

आणखी एक गल्लत. वाण तयार करतात ते पैदासकार. कृषिविद्येचा माणूस, ज्याला सगळे अ‍ॅग्रॉनॉमिस्ट म्हणतात, तो तेच बी कुठल्या जमिनीत, कधी, किती अंतरावर, किती पाण्यात लावायचं आणि त्याला काय, किती, केव्हा द्यायचं ते शोधतो. थोडक्यात, जे काम आमचे आजोबा करायचे ते.

आता युरिया. तो विष आहे, असं संदेश सांगतो. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं. भाताचं मूळ नत्र घेतं ते मुख्यतः अमोनियम किंवा नायट्रेट या रूपात. शेण कुजूनही शेवटी तेच होतं. मुळाला हे नत्र गोठ्यातून आलं की गोणीतून, हे कळत नाही. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. ४५ किलोच्या एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र, म्हणजे तेवढ्यासाठी चार टन शेणखत लागेल. आजच्या पेडण्यात चार टन शेण कुणाच्या गोठ्यात आहे? आमच्या वाड्यावर पूर्वी बाराच्या बारा घरांत गुरं होती, आज दोन घरांत आहेत.

म्हणून शेणखत सोडा असं मी म्हणत नाही, आणि कुठला शहाणा कृषितज्ज्ञही म्हणत नाही. शेणखतातून जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, तो गोणीतून येत नाही. इंग्लंडमध्ये रोथमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाचं शेत आहे. तिथे १८४३ पासून गहू पेरतात. एका पट्टीला फक्त शेणखत, काहींना फक्त रासायनिक खतं, एकीला काहीच नाही. इतक्या वर्षांनंतरही योग्य मात्रेत रासायनिक खत दिलेल्या पट्ट्या शेणखताच्या पट्टीच्या बरोबरीने पिकतात. जमीन ‘मेलेली’ नाही. मात्र शेणखताच्या पट्टीतला कर्ब दुपटीहून जास्त आहे. यातलं एकच वाक्य उचललं की संदेश तयार होतो, मग तो खतवाल्यांचा असो की खतविरोधकांचा.

आमच्या जमिनीत युरियाचं खरं दुखणं वेगळं आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभ्याची आंबट माती आणि साचलेल्या पाण्यावर मुठीने फेकलेला युरिया. त्यातला बराचसा भाग अमोनिया होऊन हवेत उडतो, बाकीचा व्हाळात (ओढ्यात) जातो, पैसे आपले जातात. शिवाय नत्र जादा झालं की पात लुसलुशीत होते आणि कीड धावून येते. वर्षानुवर्षं बेहिशेब दिलं तर आंबट माती आणखी आंबट होते. यावर उपाय कोकणातल्याच भातशेतीत रुजला. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री: पेंढा आणि तुसाची राख शेतात परत घाला, गिरिपुष्पाचा पाला गाडा, जोडओळीत मोजून लावा, आणि युरिया व डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांची गोळी चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध बोटाने सात ते दहा सेंटीमीटर खोल खुपसा. तेवढ्या खोलीवर चिखलात हवा नसते, त्यामुळे अमोनियम जागेवर टिकतं आणि मूळ ते हळूहळू ओढून घेतं. युरिया कमी लागतो. युरिया खपवायला निघालेला माणूस अशी पद्धत कशाला शिकवेल?

‘सगळे कंपन्यांचे एजंट’ या वाक्यापाशी मला आमच्या व्हाळाकाठच्या कुणग्याची (भाताच्या तुकड्याची) आठवण येते. चार वर्षांपूर्वी लावणीनंतर तीन आठवड्यांनी तिथलं भात तांबूस पडायला लागलं. पातीच्या टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके, वाढ थांबलेली. बाबा एक पात घेऊन बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदाराने पात बघून करपा सांगितला आणि बुरशीनाशकाची बाटली दिली. दोनदा फवारलं. काही फरक नाही, पैसे गेले. मग मी एका कृषिविद्येच्या बाईंना बोलावलं. त्यांनी पातीकडे एकदाच बघितलं, चिखलात हात घालून अख्खा चूड उपटला आणि पाटाच्या पाण्यात मुळं धुतली. माती गेली तरी मुळं पांढरी होईनात. गंज चढलेल्या तारेसारखी लाल होती. शेताच्या कोपऱ्यातल्या साचलेल्या पाण्यावर तेलासारखा चकचकीत तवंग होता. त्यांनी त्यात काडी ओढली तर तो तुकडे होऊन फुटला. तेल असतं तर पुन्हा मिळालं असतं.

बाबा म्हणाले, “मगे हो करपो न्हय, बाय?”

“नाही काका. लोह जास्त झालंय. डोंगरातून झिरपतंय. औषध मारू नका, पाणी काढा.”

जांभ्यात लोह भरपूर असतं. पाणी साचून मातीतली हवा संपली की ते विरघळतं आणि मूळ नको तेवढं आत घेतं. त्यांनी डोंगराच्या बाजूने एक चर मारायला लावला, आठवडाभर शेत कोरडं सोडायला सांगितलं, पोटॅश द्यायला सांगितलं आणि पुढच्या हंगामाआधी चुना. एकही बाटली त्यांनी सांगितली नाही. त्या वर्षी नेहमीपेक्षा कमी पिकलं, पण पिकलं. बाटल्या विकणारा आणि चर मारायला लावणारी, या दोघांना एकाच शब्दात गुंडाळणं मला पटत नाही.

‘पूर्वी भरपूर पिकत होतं’ हे मी लगेच निकालात काढतो. पोर्तुगीज अमलातही गोव्याला तांदूळ बाहेरून आणावा लागत असे. आणि ज्या काजूला आज आपण परंपरा म्हणतो, तो ब्राझीलमधून पोर्तुगिजांनी आणला. कुणीतरी कधीतरी तो पहिल्यांदा लावूनच पाहिला ना?

पूर्वज काही न तपासता शेती करत होते, हे तर त्यांचाच अपमान करणारं आहे. माझे आजोबा मिरगानंतर खाजनात जायचे, कोपऱ्यात एक हातभर खड्डा काढायचे, त्यात झिरपलेलं पाणी बोटाने जिभेवर घ्यायचे आणि थुंकायचे. खारट लागलं तर आणखी चार दिवस पाऊस धुऊ देत. तोवर बी भिजतच घालायचं नाही, मोड आणायला गोणपाटाखाली ठेवायचं नाही. आता तोच खड्डा काढून त्यात मीटरची कांडी बुडवतात. खाराचं माप साधारण मीटरला तीन डेसिसायमनच्या (क्षार मोजायच्या एककाच्या) वर गेलं की भाताचं उत्पन्न घटायला लागतं. जीभ आणि कांडी एकच प्रश्न विचारतात. फरक इतकाच की आजोबांची जीभ त्यांच्याबरोबर गेली, आणि मीटरचा आकडा माझ्या वहीत राहतो.

राहिली पडीक शेतं. इथे संदेश सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. खाजन बांधावर आणि मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारांवर) जगतं. भरती आली की मानशीची दारं मिटायची, ओहोटीला उघडायची, आणि बांधाला भोक पडलं की गांवकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, माणसं उभी करायची. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण बांधाची जबाबदारी कूळ संघांवर आली आणि अनेक ठिकाणी ती कुणीच नीट उचलली नाही. मजूर महागले, मुलं नोकऱ्यांना गेली, काही ठिकाणी मासळीच्या पैशासाठी मानशी उघड्या ठेवून खारं पाणी आत घेतलं, काही ठिकाणी जमिनीच विकायला निघाल्या. यातलं काय कृषितज्ज्ञांनी केलं? राग काढायचाच तर बांधावर या.

आमच्या खालच्या खाजनाला दोन वर्षांपूर्वी भगदाड पडलं आणि खारं पाणी आत आलं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सात घरांनी मिळून ते चिखल, पेंढा आणि जांभ्याच्या दगडांनी बुजवलं. त्यानंतर एक पावसाळा धुऊन गेला, तरी खार पुरता उतरलेला नाही. मी तिथे ज्योती लावायच्या विचारात होतो. मातीचा नमुना पाहून त्याच बाई म्हणाल्या, अजून नको, निदान यंदा कोरगूटच पेरा. बी मावसभावाच्या घरातून येणार आहे. त्याच्याकडे दोन कणग्या आहेत.